पिटुकल्याचा निकाल

मुलांच्या निवासी शाळेचे मुख्याध्यापक सुजलेला गाल रुमालाने दाबून दातांच्या दवाखान्यात बसले होते. पुढच्या बाकावर, त्यांच्याकडे पाठ करून, दोघी जावा बोलत होत्या. धाकटीचा मुलगा त्यांच्याच शाळेत शेवटच्या वर्षाला होता.

"अगं, पोराचा पहिला नंबर हुकला म्हणे?"

"हुकला. तिसरा आला."

"कॉलेज-प्रवेशाच्या वर्षी? मग एवढं घरापासून लांब ठेवून मिळवलंत काय?"

"ताई, तिथली रीतच आहे. मोठ्या मुलाने एका लहानग्याचा अभ्यास घ्यायचा, अगदी परीक्षेपर्यंत."

"स्वतःचा अभ्यास सोडून?"

"मीही तेच म्हणाले. थेट मुख्याध्यापकांशी भांडून आले. ते म्हणाले, एकट्यानेच पुढे पळणारी मुलं आम्हाला घडवायची नाहीत."

"बोलायला काय जातंय त्यांचं!"

मुख्याध्यापकांनी रुमाल डोळ्यांपर्यंत ओढला. तेवढ्यात आतून त्यांना हाक आली. त्यांनी शेजारच्या गृहस्थांनाच आत जायची खूण केली.

"मलाही तसंच वाटलं होतं. पण काल निकालाचा फोन आला ना, तेव्हा हा नुसता ओरडत होता. 'आई, आपला पिटुकला गणितात पास झाला! पहिल्यांदाच!' आनंदाने त्याचा आवाज फुटत होता, ताई. मलाही रडूच आलं."

"आणि स्वतःचा नंबर कधी सांगितला?"

"ह्यांनी नंतर फोन केला तेव्हा. मी विचारायचंच विसरले."