पाणी आधी कुणाला?

(मुलांनो, जरा डोळ्यांपुढं आणा: तेर गावाजवळचं एक खेडं, पंचायत समितीची निवडणूक. नववीतली देवश्री, उमेदवार असलेल्या आपल्या कुलदीपकाकांच्या जाहिराती फोनवर तयार करते. आज संध्याकाळी प्रचार संपणार. दोघं ओसरीवर बसलेत.)

देवश्री : पण काका, कालच्या जाहिरातीत आपण म्हटलं, कॅनॉलचं पाणी आधी खालच्या गावांना. आजची म्हणते, आधी वरच्यांना.

काका : मग? ज्याची त्यालाच दिसती. फोनवर गाव निवडायचं, झालं. भिंतीवर रंगवलं असतं तर समद्यांनी वाचलं असतं.

देवश्री : ही निवडणुकीच्या जाहिराती तपासणाऱ्या कमिटीला दाखवली का? आधी मंजुरी लागते, बाईंनी वर्गात सांगितलंय.

काका : खालच्यांची दाखवली, मंजुरीबी आली. हिला आता कुठं वेळ हाय?

देवश्री : मग नको सोडायला.

काका : माझ्या विरोधात उभा राहिलेला माणिकप्पा काय विचारून सोडतोय व्हय? मागल्या खेपेला थोडक्यात पडलो. तवापासनं टपरीवर लोक मला 'भावी सभापती' म्हणून चहा पाजतेत आन हसतेत. तुला न्हाय कळायचं ते.

देवश्री : पाणी खरंच आधी कुणाला देणार तुम्ही?

काका : ते पाटबंधारेवाले ठरवतेत. माझ्या हातात काय हाय?

देवश्री : मग लिहायचं कशाला?

काका : न लिहिता मत पडतंय व्हय? दाब ते बटण.

देवश्री : सकाळी खालच्या गावाहून चंद्रप्रभा आत्याचा फोन होता.

काका : ताईचा? काय म्हणत होती?

देवश्री : कालची जाहिरात तिच्या फोनवर आली. ती घरोघर दाखवत फिरली, माझा भाऊ आधी आपल्याला पाणी देणार म्हणून. शेजारच्या कमलबाई तिच्या शब्दावर उन्हाळी भुईमूग पेरतायत. बियाणंसुद्धा आणलं.

काका : ...ताईला कुणी सांगितलं होतं फिरायला?

देवश्री : तुमची बहीण आहे, काका.

काका : बरं. निवडून आल्यावर मी बघतो काय ते. ताईच्या गावाला ही दुसरी दिसणार न्हाय ना?

देवश्री : नाही. तिच्या गावात कुणालाच दिसणार नाही.

काका : मग झालं तर. दाब की. अगं, फोन कानाला कशाला लावलास?

देवश्री : आत्या, मी देवश्री. काका इथंच बसलेत. एक जाहिरात वाचून दाखवते, सगळी ऐक.