फिल्टरचं वॉशर

खुजंदच्या बाजारात नळाच्या सामानाच्या दुकानापुढे रांग होती. माझ्या पुढे चाळिशीची एक बाई, तिच्या पुढे काखेत पाण्याचा जुना फिल्टर धरलेले एक म्हातारबाबा.

“अमाक, आमच्या आईकडे अस्साच होता. मोडला का?” बाईनं त्यांना विचारलं. तिथे काकांना ‘अमाक’ म्हणतात.

“तो मोडत नाही. दहा वर्षांनी वॉशर तेवढं झिजतं.”

“आई दर शुक्रवारी हातानंच झाकण फिरवायची, आतली वाळू धुवायची, परत बसवायची.”

“पाना लागू नये म्हणून झाकणाला धरायचे कान मीच दिले, पोरी. कारखान्यात ह्याचा आराखडा मीच काढला.”

“थट्टा करता.”

“बायकोला कणकेच्या हातांनी उघडता आलं, तेव्हाच आराखड्यावर सही केली.”

“माझा नवा आहे. तीन-तीन महिन्यांनी आतली नळकांडी फेका आणि नवी आणा. तुमचा कारखाना का हो बंद पडला?”

“कामगार म्हणतात, मीच पाडला. एकदा फिल्टर नेलेलं गिऱ्हाईक तीस वर्षं नवा घ्यायला फिरकलं नाही. अजून काही जण मला बघून तोंड फिरवतात.”

“मग जरा वाईट करायचा होतात.”

“जमलं नाही.”

“आई गेल्यावर आम्ही बहिणी भांडलो. मला तिची लग्नातली पेटी मिळाली, थोरलीला फिल्टर. दोन दिवस रडले मी.”

“एवढी पेटी मिळूनही?”

“पेटीतून पाणी गाळता येतं का, अमाक?”

तेवढ्यात बाबांचा नंबर आला.

“काय देऊ, बाबा? वॉशर?”

“दोन दे. एक हिच्या बहिणीला.”