तोंडाला बसेल असा मास्क

नाही नाही, हसा तुम्ही! मोकळेपणाने हसा! दुकानातले हसले, तलावातले हसले, माझे पेशंट हसले... तुम्हीच तेवढे गंभीर बसून काय करणार? पण मला एक सांगा, काचेचा तुकडा आणि त्याच्याभोवती रबर, एवढीच ती वस्तू, पाण्याखाली जाताना डोळ्या-नाकावर लावायची, ती जगातल्या यच्चयावत तोंडांना बसते आणि माझ्याच तोंडाला बसत नाही, म्हणजे दोष कोणाचा? आणि मी कोण? तर दातांचा डॉक्टर! जन्म गेला मास्क लावून! लाज म्हणजे किती... तोंड लपवायला जागा नाही हो!

झालं काय, तुम्हाला सांगतो, आमची ही. लग्न झाल्यापासून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसते, फोन घेते, 'बसा, डॉक्टर आत आहेत' म्हणते. कधी काही मागितलं नाही. परवा जेवता जेवता म्हणाली, "अहो, मला समुद्राच्या तळाशी जायचंय."

मी घास खाली ठेवला. म्हटलं, "अगं, एवढं काय बोललो मी?"

"जीव द्यायला नाही हो! मासे बघायला. तुमच्याबरोबर."

त्या 'तुमच्याबरोबर'नं घात केला! गेलो दुकानात. दुकानदार म्हणजे हा एवढा देह, आणि आवाज असा की पाण्याखालीसुद्धा ऐकू जावा. "साहेब, पट्टा लावायचा नाही! नुसता तोंडावर टेकवायचा, नाकानं हलका श्वास ओढायचा, हात सोडायचे. चिकटला की तुमचा!"

हिनं पहिलाच उचलला, टेकवला, हात सोडले... चिकटला! वाकून बघतेय, मान हलवतेय, मास्क ढिम्म! "अगं बाई, कळतसुद्धा नाहीये लावलाय ते!" आणि मी? टेकवला, ओढला श्वास, सोडले हात... टप्प! दुसरा... टप्प! एक नाकाच्या हाडावर रुतला, एक कपाळात टोचला, एकाचं रबर असं टणक की मीच जबडा धरून बसलो. तोवर भोवती ही गर्दी! दुकानदारानं कपाटाच्या वरून एक काढला, फुंकर मारून पुसला, म्हणाला, "हा घ्या! हा बसला नाही असं तोंड अजून जन्माला यायचंय!"

टप्प!

"आलं," दुकानदार म्हणाला. "जन्माला आलं."

मग कोणीतरी गर्दीतून, "अहो, मिशी! मिशीतून हवा शिरतेय त्यांच्या!" झालं! सगळं दुकान माझ्या मिशीकडे बघायला लागलं. आता ही मिशी म्हणजे कॉलेजपासूनची! पेशंट घाबरतात ते सुईला नाही, हिला घाबरतात! मी ठणकावून सांगितलं, "मिशी जाणार नाही!" दुकानदार म्हणाला, "मग व्हॅसलिन फासा आणि पट्टा आवळा." घ्या! दातांचा डॉक्टर आणि मिशीला लोणी लावलेल्या बोक्यासारखा... तोंड लपवायला जागा नाही!

तर तसाच गेलो पोहण्याच्या तलावात, पहिल्या धड्याला. शिकवणारी माझ्या भाचीच्या वयाची. "काका, तोंडानं श्वास घ्या, नाकानं नाही." मी रोज लोकांना सांगतो, तोंड उघडं ठेवा, श्वास नाकानं घ्या! मेंदूनं काय ऐकायचं? पाठीवर हवेची टाकी, तोंडात तिची नळी, गुडघे टेकून बसलो पाण्याखाली. आणि मिशीपासून एक थेंब, मग धार, मग अर्धा मास्क पाणी, सवयीनं ओढला नाकानं श्वास... मेलो! हातपाय झाडले, कोणाच्या तरी पोटात लाथ बसली, वर येऊन बोंब मारली, "बुडालो! वाचवा! बुडालो!"

पाणी कमरेपर्यंत होतं.

आणि शेजारी पोट धरून उभ्या कोण? तर शाळेच्या मुख्याध्यापिका बाई, ज्यांची अक्कलदाढ मी गेल्याच महिन्यात काढली! पोट चोळत चोळत, अगदी माझ्याच सुरात म्हणतात कशा, "काऽही होत नाही हं डॉक्टर! मुंगी चावल्यासारखं वाटेल! मोठ्ठा आ करा बघू!"

तोंड लपवायला जागा नाही!

बरं, तिथे तरी संपावं! पट्टा आवळून आवळून चेहऱ्यावर उठला लाल गोल वळ, कपाळापासून ओठापर्यंत. दुसऱ्या दिवशी एक आजोबा खुर्चीत बसले, बघत राहिले, मग बाहेरच्या खोलीकडे नजर टाकून हळूच म्हणाले, "डॉक्टर... घरी सगळं ठीक ना?"

त्या दिवशी दवाखाना बंद करताना ही म्हणाली, "नसेल जमत तर राहू द्या. मी एकटी जाऊन येईन." टोमणा नाही हो! टोमणा असता तर मी उलटा मारला असता. अगदी साधं म्हणाली, रुमालाची घडी घालत. इतकी वर्षं दारात बसलेली बाई, एकदा 'तुमच्याबरोबर' म्हणाली, आणि मी चार केस जपत बसलोय! खालमानेनं घरी गेलो, न्हाणीघरात शिरलो, कडी लावली... आणि साफ! आरशात बघितलं, तर कोणीतरी अनोळखी, वरचा ओठ थरथरतोय असा. पण मास्क टेकवला, श्वास ओढला, हात सोडले...

चिकटला!

गेलो समुद्रात. खाली उतरलो. थेंब नाही! काय सांगू... निळं निळं सगळं, पट्ट्यापट्ट्यांचे मासे अंगावरून चाललेत, आणि ही! एका माशाकडे बोट दाखवतेय, दुसऱ्याकडे, डोळे हे एवढाले, बुडबुडे नुसते उधळतेय! असं तिला मी कधी बघितलंच नव्हतं. बघितलं आणि... मास्कात पाणी! शिरलं धोधो! मी हातपाय झाडणार, तेवढ्यात हिनं मनगट धरलं, खुणेनं दाखवलं, वरची कड दाबा, नाकानं फुंकर मारा. मारली. गेलं पाणी. पुन्हा तिच्याकडे बघितलं, पुन्हा पाणी! पुन्हा फुंकर! बघितलं, पाणी! अहो, सगळा वेळ हेच!

वर आलो. बोटीत सगळ्यांसमोर शिकवणारीला म्हटलं, "बाई, मिशी गेली, मान गेली, तरी हा मास्क गळतोच!"

ती म्हणाली, "काका, मास्क उत्तम बसलाय. तुम्ही खाली हसत होता. हसलं की गाल वर जातात, फट पडते. चेहरा कोरा ठेवायचा... जमेल?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "न जमायला काय झालं? घरी तोच तर सराव चालतो!"

सगळी बोट फुटली हसून. आणि खरंच आहे ना ते!