हिरव्या साडीतली सासू

निलंग्याच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन जावा बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर ओवाळायचं ताट होतं.

"अक्का, जपानी सून ओळखू येईल का?"

"संगं तिची बहीणबी येऊन राहिली. मला दोघींची तोंडं सारखीच दिसतात गं."

"अन् दोनशे शेळ्या तोंडावरनं ओळखता!"

"शेळ्या रोजच्या हायत. माझा आदिनाथ म्हणला, बायको लाल टोपी घालंल."

"अन् आपण?"

"आपणबी तिला सारख्याच दिसतो म्हणं. सहा महिने व्हिडिओवर तुलाच आई म्हणत होती. म्हणून कळवलंय, हिरव्या साडीतली सासू."

"गाडी आली, अक्का."

"थांब, केवळा. शाल का काढलीस? अन् तूबी हिरवीच?"

"सहा महिने आई म्हणली मला. सवय लागली, अक्का."