आतपर्यंत जळलं का?

सासरे : काळं ठिक्कर पडलंय गं हे. गेलं म्हणायचं का?

सून : काळं पडणारच, बाबा. आठवडाभर भट्टीत होतं. तुमच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात असायचा ना, तेवढ्याच तापात.

सासरे : भट्टीत वीज सोडायला लावलेले आमचे कोळशाचे ठोकळे त्या तापात साबणासारखे झिजायचे. झिजला की काढा, नवा लावा. जन्म गेला त्यात. हा तुझा ठोकळा तर होता तेवढाच दिसतोय.

सून : दिसतोय तेवढाच. पण वजन वाढलंय.

सासरे : मग तोंड पाडून का बसलीस?

सून : वजन वाढलं म्हणजे हवेतला प्राणवायू आत शिरला. कोळसा जळून हलका होतो, धातू जळून जड होतो. यात धातू आणि सिरॅमिक एकत्र दाबून भाजलंय. याच्या आधीचे तुकडेही बाहेरून असेच धडधाकट होते. कापले, तर आतून पीठ सांडलं.

सासरे : मग हाही काप. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

सून : पीठ निघालं तर उद्यापासून ही भट्टी दुसऱ्या गटाची. लग्नाआधीपासूनचं माझं काम बंद.

सासरे : म्हणून मला डबा घेऊन प्रयोगशाळेत बोलावलंस होय. तरी म्हटलं, सूनबाईला एकाएकी एवढी भूक कशी लागली.

सून : एकटीला धीर होईना. तुमच्या मुलाला बोलावलं असतं, तर त्यांनी कापायच्या आधीच माझं सांत्वन सुरू केलं असतं.

सासरे : तो आईवर गेलाय. बरं, हा टिकला तर काय होईल?

सून : ठोकळे सारखे बदलायला नकोत. आणि कोळसाच नाही, तर त्याचा धूरही नाही. याच्यातून प्राणवायूचे बुडबुडे निघतील.

सासरे : भट्टीतून प्राणवायू? म्हाताऱ्याची थट्टा करतेस.

सून : नाही हो, खरंच.

सासरे : त्या धुराने माझी अर्धी छाती खाल्ली, पोरी. काप तू. मी इथेच उभा आहे.

(करवतीचं पातं बराच वेळ फिरतं आणि थांबतं.)

सासरे : काय निघालं? पीठ?

सून : पीठ नाही.

सासरे : नीट बघ.

सून : बघितलं. हे भिंग घ्या, तुम्हीच बघा. कडेला काळी साल दिसते?

सासरे : दिसते. नखाएवढी जाड. आणि आत... अगं, हे तर लखलखतंय. जाळ याला शिवलाच नाही.

सून : जळायचं ते सालीतच जळलं. मग तीच साल दार लावून बसली, प्राणवायूला पुढे जाऊच दिलं नाही तिने.

सासरे : म्हणजे याचं जळलेलं अंगच याच्या कामी आलं. एवढ्या आगीत. डोळ्यांनी बघतोय, तरी खरं वाटत नाही.

सून : मलाही नाही वाटत. द्या तो तुकडा, साहेबांना दाखवून येते.

सासरे : थांब जरा. भट्टीतून निघालेलं मी आजवर नुसतं बाजूला टाकत आलो. हे थोडा वेळ हातात राहू दे.