किबिट्झरची तक्रार

सन्माननीय अध्यक्ष केशोरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती रत्नपाल सर, लीलावहिनी आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेले श्रोतेहो,

प्रथम एक गंभीर तक्रार. आमच्या कुडवा गावात सरांच्या ओसरीवर रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडला जातो. मी मागे उभा राहून अमूल्य सल्ले देतो. आभार राहिले बाजूला, उलट ‘बोलेल त्यानं चहा करायचा’ असा कायदा! माझ्यासारख्या वार्ताहराची ही गळचेपी कोणत्या शास्त्रात बसते?

शिवाय सर इंग्रजीचे शिक्षक, म्हणून मला पदवीही मिळाली : किबिट्झर. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेतून इंग्रजीत येऊन रुळलेला शब्द. डाव दुसऱ्याचा, जीभ आपली, आणि हरलं तर आपलं काही जात नाही, असा माणूस. आमच्या संस्कृतात काठावर उभा राहतो तो तटस्थ; पण तो निदान गप्प तरी असतो.

शब्द मला आवडला. चौकातल्या मुन्नालाल पानवाल्यानंसुद्धा तो उचलला. माझा वैताग पुढेच आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सरांना सांगितलं, हृदयाच्या नळ्या भरल्यात, नागपूरला जाऊन ऑपरेशन करा. सर म्हणाले, डॉक्टरही किबिट्झर. वहिनी बोलल्या, त्यांनाही तेच. मुलगा विवेक पुण्याहून फोनवर बोलला, त्यालाही तेच. आधी म्हणत, परीक्षा होऊ द्या. मग निवृत्ती होऊ द्या. आता म्हणतात, धान कापून होऊ द्या. एवढा गोड शब्द, आणि त्याचं दार करून आतून कडी लावून बसायचं?

परवा मी पुन्हा विषय काढला. सर म्हणाले, “भाऊ, तू कायले घाई करून राहिला? छाती माही आहे ना?”

आतून वहिनी म्हणाल्या, “छाती तुमची, पण रातभर जागून मी राहिली.”

 सरांनी घोडा हलवला, तोही चुकीचा. त्या दिवशी मी सल्ला दिला नाही.

सर, तुमचा गौरव आधीच्या वक्त्यांनी यथासांग केला आहे. आज या सभागृहाचा जिना चढताना तुम्ही मध्येच थांबलात, चप्पल नीट करण्याचं निमित्त करून. मी खाली उभा होतो.

आयोजकांनी बोलू दिलं, त्यांचा ऋणी आहे. समारंभाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल, तर सभेनं पोटात घालावं. पण सर, धान कापणीपर्यंत तुम्ही असाल की नाही, याची मला भीती वाटते.