सावलीची नोटीस

फरगाण्यातल्या कचेरीच्या रांगेत, रशियात कामाला गेलेल्या नवऱ्याचे कागद घेऊन आलेल्या झुम्रादच्या पुढे दोन म्हातारे बोलत होते.

"कसली नोटीस आली, माहकमदादा?"

"माझे पॉपलर तोडायची. झाडं आपल्या तालुक्यात, पण सावली पडते पलीकडच्या तालुक्यातल्या कापसावर. सावली काढून घ्या म्हणतात."

"मग रोज दुपारी गुंडाळून घरी ने की!"

"थट्टा पुरे. मुलगा झाला त्या दिवशी लावली होती. त्याच्या घराच्या तुळयांसाठी."

"मग झाल्या की तुळया! तोड आणि बांध घर."

"तो रशियात आहे. अकरा वर्षं झाली."

"मग साहेबाकडे मागणार काय?"

"मुदत."

"किती?"

"तेच विचारायला काल मुलाला फोन केला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बाबा, झाडं अजून थोडी वाढू द्या."

रांग पुढे सरकली. झुम्राद तिथेच उभी राहिली.